गिअरबॉक्ससाठी केलेली खूण

एर्लिंडानं पेनचं टोपण काढलं, पेन ओनोफ्रेच्या बोटांत कोंबलं आणि कागदावर जिथं खूण करायची होती तिथं आपलं नख टेकवलं.

“इथं.”

ओनोफ्रेनं नखाकडं पाहिलं. मग पेन मांडीवर ठेवून त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, उजेडाकडं धरून पाहिला आणि पुन्हा पुसायला घेतला. एर्लिंडाचं नख जागचं हललं नाही. ही चाल तिला पाठ होती. बटाट्याचं बियाणं निवडणं असो की दाताच्या डॉक्टरकडं जाणं असो, हो किंवा नाही म्हणायची वेळ आली की या माणसाचा चष्मा मळायचा.

चर्चच्या मागच्या सभागृहात खुर्च्यांच्या रांगा भरल्या होत्या. एप्रिलचा वारा खिडक्यांवर मूठमूठ वाळू मारत होता आणि दार उघडलं की सगळे आपापल्या कागदांवर हात ठेवत होते. मागच्या टेबलावर चर्चच्या बायका छपराच्या दुरुस्तीसाठी हिरव्या मिरचीचे बुरितो विकत होत्या. टॅक्सचे कागद इथं फुकट भरून मिळायचे, त्यामुळं अर्धं खोरं या दिवसांत इथं येऊन बसायचं, आणि कुणाच्या घरात काय चाललंय हे शेजारच्या खुर्चीला आपोआप कळायचं.

प्रश्न तसा एका ओळीचा होता. गेल्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी तुम्ही अविवाहित होता, विवाहित होता, घटस्फोटित होता की जोडीदार गमावलेले होता? एर्लिंडाला या प्रश्नाची रीत आवडली होती. सरकारला वर्षभराची कटकट ऐकायची नव्हती. त्या एका दिवशी तुम्ही जे असाल, ते अख्ख्या वर्षासाठी धरलं जायचं.

“टेबलावर गेलो की बघू,” ओनोफ्रे म्हणाला आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

या ‘बघू’वर एर्लिंडानं आयुष्याची अठरा वर्षं काढली होती. बेचाळिसाव्या वर्षी ती अलामोसाहून दोन सुटकेस आणि एक शिलाई मशीन घेऊन त्याच्या घरी राहायला आली, तेव्हा तो म्हणाला होता, बटाटे निघू देत, मग लग्नाचं बघू. बटाटे दर वर्षी निघत राहिले. मग त्याच्या आईचं आजारपण निघालं, मग आई गेली म्हणून वर्षभर थांबायचं ठरलं, मग गुडघ्याचं ऑपरेशन आलं. लग्नाचं घोंगडं असं भिजत पडलं ते पडलंच. पुढं पुढं तिनं विचारणं सोडलं. लोकांना वाटलं, तिला आता त्याचं काही नाही. ओनोफ्रेलाही तसंच वाटलं, आणि त्यानं ते फार सोयीनं वाटून घेतलं.

तिला त्याचं होतं. दोन वर्षांपूर्वी ओनोफ्रेचा थोरला भाऊ गेला तेव्हा ते तिचं तिलाही नीट कळलं. मयताच्या आदल्या रात्री जपमाळेच्या प्रार्थनेला आलेल्या सगळ्या गणगोताला तिनं पातेली भरभरून मका-मटणाचं पोसोले रांधून घातलं होतं, आणि सकाळच्या पेपरात छापून आलं होतं : मागे भाऊ ओनोफ्रे आणि त्याची खास मैत्रीण एर्लिंडा. खास मैत्रीण. अठ्ठावन्न वर्षांची, सुजलेल्या पायांची, आदल्या रात्रीच्या मिरचीनं बोटं भाजलेली मैत्रीण. चर्चमध्ये ती चुलतभावांच्या बायकांच्याही मागं, तिसऱ्या बाकावर बसली. पहिल्या बाकावरून ओनोफ्रेनं एकदा मान वळवून तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा पुढं वळवली. घरी आल्यावर तिनं विचारलं, पेपरात ते कुणी लिहायला सांगितलं? तो म्हणाला, त्यांनी फोनवर विचारलं होतं, मी म्हटलं, तुम्हाला वाटेल ते लिहा.

म्हणून यंदा, वरचं कुरण चुलतभावाला विकल्यामुळं ओनोफ्रेला टॅक्स जास्त बसणार हे कळलं आणि शेजारची कॉर्डेलिया पोस्टात म्हणाली, की अगं, कोलोराडोत तुम्हा दोघांना एकत्र भरता येईल, पाद्री नको, न्यायाधीश नको, दोघांनी आपण नवरा-बायको आहोत असं मानलं आणि चारचौघांत सांगितलं की कायदाही मानतो, तेव्हा एर्लिंडानं त्यातली टॅक्स कमी होण्याची गोष्ट तेवढी घरी आणली. उरलेली स्वतःपाशी ठेवली. तिला एक कागद हवा होता. त्यावर दोन नावं हवी होती आणि तिच्या सहीखाली त्याची सही. साठाव्या वर्षी माणसानं टॅक्सवाल्यांकडून लग्न लावून घ्यावं, हे तिचं तिलाच हसण्यासारखं वाटत होतं. पण हवं होतं, त्याला काय करणार?

त्यांचा नंबर पुकारला गेला. टेबलामागं आर्चुलेटा मास्तर बसले होते. आयुष्यभर त्यांनी शाळेत बँड शिकवला. निवृत्त झाल्यावर दर हिवाळ्यात परीक्षा देऊन ते हे काम करत, आणि परीक्षा पास झाल्याचा बिल्ला छातीवर लावूनच बसत. ओनोफ्रेला ते लहानपणापासून ओळखत होते. त्याला ट्रम्पेट शिकवायचा त्यांनी दोन वर्षं प्रयत्न केला होता.

त्यांनी पेन्सिलीनं ओळीमागून ओळ ठोकत कागद वाचला आणि एका जागी ते थांबले.

“लग्नाच्या रकान्यात काहीच नाही.”

“ते तुमच्यासमोर भरायचं होतं,” एर्लिंडा म्हणाली आणि कॉर्डेलियानं सांगितलेलं सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं. वाटेत ट्रकमध्ये तिनं ते मनात इतक्यांदा म्हटलं होतं, की कुठंही अडखळली नाही.

मास्तरांनी ऐकून घेतलं. कॉर्डेलियाचं म्हणणं खरं आहे, ते म्हणाले, पण ते कुणीही उठावं आणि करावं असं नाही. चर्चचा दाखला लागत नाही आणि कोर्टाचाही लागत नाही, पण दोघांनी मनापासून तसं मानलेलं असायला हवं आणि दोघांनीही ते सांगायला हवं. आणि एकदा सांगितलं की सांगितलं. पुढच्या वर्षी परवडलं नाही म्हणून मागं घेता येत नाही.

“बाई, तुमचं काय?”

“माझं कधीचंच हो आहे.”

“आणि ओनोफ्रे, तुझं?”

ओनोफ्रेचा हात चष्म्याकडं गेला. एर्लिंडानं त्याच्याकडं पाहिलं नाही. मास्तरांच्या बिल्ल्यावर तिनं डोळे लावून ठेवले. मागच्या खुर्च्यांमधलं बोलणं कमी झालं होतं, बुरितोच्या टेबलावरची कॉर्डेलियाही हातातला चिमटा तसाच धरून उभी होती.

“आहे,” ओनोफ्रे म्हणाला. “म्हणजे हो. तसंच आहे ते.”

एर्लिंडानं मांडीवरची पर्स सरळ केली. तिला वाटलं होतं, हे ऐकल्यावर काहीतरी मोठं होईल. तसं काही झालं नाही. आपण आत्ता उठून कॉर्डेलियाकडून दोन बुरितो घ्यावेत, असं मात्र तिला वाटलं, आणि एकदम खूप भूक लागली.

तेवढ्यावर ओनोफ्रे थांबता तर बरं झालं असतं. कधी नव्हे ते हो म्हणून झाल्यामुळं त्याला हुशारी वाटायला लागली होती. तो खुर्चीत मागं रेलला.

“उगाच घाबरत होतो मी,” तो म्हणाला. “सोपं असतं हे. मागं केलं तेव्हाही दोन मिनिटांत झालं होतं.”

मास्तरांची पेन्सिल थांबली.

“मागं म्हणजे?”

“प्वेब्लोला. पोलादाच्या कारखान्यात होतो तेव्हा. बर्नाडेटबरोबर.”

बर्नाडेट होती हे एर्लिंडाला ठाऊक होतं. एखाद्याला लहानपणी गोवर येऊन गेला हे ठाऊक असावं, तेवढंच. तीसेक वर्षांपूर्वी प्वेब्लोत कुणी एक बाई होती, तीन वर्षं होती, मग पटलं नाही आणि हा आईकडं परत आला. गोवर कुणी उकरून काढत नाही. तिनंही काढला नव्हता.

मास्तरांनी मात्र काढला. बँडमधल्या पोराचा सूर चुकला की ते जसे एकेक करून सगळ्यांना वाजवायला लावत, तसे ते एकेक प्रश्न विचारत गेले आणि ओनोफ्रे मोकळ्या मनानं उत्तरं देत गेला. हो, दोघांनी एकत्र रिटर्न भरलं होतं. नवरा-बायको म्हणूनच, नाहीतर एकत्र कसं भरणार? बर्नाडेटच्या मावशीनं सांगितलं होतं की जास्त पैसे परत मिळतात. मिळाले. त्यातून ट्रकला गिअरबॉक्स बसवला. पुढच्या वर्षी पुन्हा भरलं, तेव्हा तिनं कपडे धुवायचं मशीन घेतलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय सांगायचे? घरमालक जुन्या वळणाचा होता, त्यामुळं नवरा-बायकोच सांगितलं होतं. तीही सगळीकडं ह्याचंच आडनाव लावायची, मेएस. पत्रंसुद्धा तशीच यायची.

“मग घटस्फोट कुठल्या साली झाला?” मास्तरांनी विचारलं.

“कसला घटस्फोट? लग्नच झालं नव्हतं.” ओनोफ्रे हसला. “आणि काही असलं तरी सात वर्षं वेगळं राहिलं की ते आपोआप मिटतं.”

“सातच,” मागच्या खुर्चीवरून कुणीतरी दुजोरा दिला.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. हे सातचं खूळ या खोऱ्यात कुणी आणलं, देव जाणे, ते म्हणाले. दर वर्षी कुणी ना कुणी हे सात घेऊन माझ्या टेबलावर येतं. सात वर्षं एकत्र राहून लग्न होत नाही आणि सात वर्षं वेगळं राहून मोडतही नाही. पाद्रीशिवाय लग्न होतं या राज्यात, पण कोर्टाशिवाय घटस्फोट होत नाही.

मग त्यांनी आवाज खाली आणला, पण तोवर सभागृह इतकं गप्प झालं होतं की त्याचा काही उपयोग नव्हता.

“मी न्यायाधीश नाही. वकील कदाचित वेगळं काही सांगेल. पण मला जेवढं कळतं त्याप्रमाणं तुझं लग्न झालेलं आहे, ओनोफ्रे. बर्नाडेटशी. घरमालकाला सांगितलंत, शेजाऱ्यांना सांगितलंत, आणि सरकारला दोनदा सही करून सांगितलंत. ते मोडलेलं नाही. आणि ते आहे तोवर दुसरं होत नाही.”

एर्लिंडानंच विचारलं, “मग ह्याच्या कागदावर काय लिहायचं?”

“विवाहित, वेगळं भरणारा.”

“आणि माझ्या?”

“अविवाहित.” मास्तरांना वाटलं, हिला थोडा धीर द्यावा. “तुमचं इतकी वर्षं बरोबरच होतं, बाई. तुम्हाला काहीही बदलावं लागणार नाही.”

एर्लिंडा उठली, पर्स काखेला लावली आणि सगळ्या खुर्च्यांच्या मधून, कुणाकडंही न बघता बाहेर गेली.

वाऱ्यानं तिचा स्कार्फ तोंडावर आणला. ट्रकचं दार उघडायला दोन्ही हात लागले. ती आत बसली तेव्हा तिच्या दातांत वाळू करकरत होती. थोड्या वेळानं ओनोफ्रे आला, हॅट छातीशी धरून, आणि स्टिअरिंगच्या बाजूनं चढून बसला. त्यानं किल्ली लावली नाही. खोऱ्यापलीकडचे डोंगर धुळीत दिसेनासे झाले होते.

“हाच ट्रक का?” एर्लिंडानं विचारलं.

“काय?”

“गिअरबॉक्स. याच ट्रकला बसवलास?”

खोटं बोलायला त्याला वेळ मिळाला नाही. एरवी ज्याच्याकडून एक शब्द काढायला सकाळची संध्याकाळ व्हायची, तो माणूस नको तिथं नेमका खरं बोलायचा.

“हाच,” तो म्हणाला. “अजून एकदाही कुरकुर केली नाही त्यानं.”

एर्लिंडानं डोळे मिटून घेतले. अठरा वर्षं ती या ट्रकमधून चर्चला गेली होती, बाजाराला गेली होती, त्याच्या आईचं डोकं मांडीवर घेऊन अलामोसाच्या दवाखान्यात गेली होती. भावाच्या मयताची पातेली यातूनच नेली होती. आणि चढावर हा गिअर बदलायचा तेव्हा दर वेळी बर्नाडेट मेएसच्या सहीवर हात ठेवून बदलत होता.

“मला तिचं काही नाही,” ती म्हणाली. “तू तीस वर्षांपूर्वी कुणाबरोबर राहिलास त्याचं मला काय? पण एका गिअरबॉक्ससाठी तुझा हात दोन मिनिटांत चालला, ओनोफ्रे. धुण्याच्या मशीनसाठी परत चालला. आणि माझ्या वेळी अठरा वर्षं नुसता चष्मा पुसतोयस.”

हॅटची कड त्याच्या बोटांतून गोल गोल फिरत होती.

“तेव्हा तो नुसता कागद वाटला होता,” तो शेवटी म्हणाला. “तुझ्या वेळी तसं वाटत नाही. म्हणून मग...”

एर्लिंडा थांबली. पुढचं येईल म्हणून तिनं चांगली वाट पाहिली. पण ओनोफ्रेनं वाक्य तिथंच ठेवलं, जसं तो कुदळ शेताच्या बांधावर ठेवायचा आणि विसरायचा. अठरा वर्षांत अर्धं वाक्य. आणि तेवढ्यानंही आपल्याला बरं वाटलं, याचा तिला जास्त संताप आला.

“जाऊ दे,” तिचा चेहरा पाहून तो घाईनं म्हणाला. “नेहमीसारखंच भरू. तूही अविवाहित, मीही अविवाहित. मास्तरांना सांगतो, मी आपलं काहीतरी बरळलो. ते कुणाला सांगायला जाणार नाहीत.”

“सबंध सभागृहानं ऐकलंय.”

“ते विसरतील.”

ते विसरतीलही, एर्लिंडाच्या मनात आलं. या खोऱ्यात लोक ऐकलेलं सगळं लक्षात ठेवतात, पण कुणी अडून बसलं नाही तर सगळं चालवूनही घेतात. आज घरी गेलं की चूल पेटवायची, दुपारी कालव्याच्या सफाईला गेलेल्यांसाठी डबा द्यायचा, आणि परत तेच सुरू. मग कधीतरी हा जाईल. मागं बायको म्हणून कुणाचं नाव? ज्या बाईला त्यानं तीस वर्षांत एक पत्र लिहिलं नाही, तिचं. आणि ती स्वतः पुन्हा तिसऱ्या बाकावर. तिला रडू आलं नाही. डोक्यात नुसती तिडीक गेली, आणि त्या तिडिकीतच ती ट्रकमधून खाली उतरली.

“कुठं निघालीस?”

“तुझा कागद भरायला.”

मास्तरांनी त्यांचा नंबर बाजूला ठेवला होता. दुसऱ्या कुणाला त्यांनी खुर्चीवर बसू दिलं नव्हतं. एर्लिंडानं सांगितलं, जे खरं असेल ते लिहा. मास्तरांनी मान डोलावली आणि संगणकाचा पडदा थोडा तिच्याकडं वळवला. विवाहित, वेगळं भरणारा, असं निवडल्याबरोबर खाली एक नवी चौकट उघडली. पत्नीचं नाव. मास्तर दोन बोटांनी टाइप करत होते, त्यामुळं नाव हळूहळू उमटत गेलं आणि एर्लिंडाला ते सगळं बघावं लागलं. तिनं मान फिरवली नाही. त्या चौकटीत आपलं नाव कसं दिसेल, हे तिनं आठवडाभर मनात पाहिलं होतं.

“आता तिचा सोशल सिक्युरिटी नंबर लागेल,” मास्तर म्हणाले.

“तो माझ्याकडं कुठून असणार?” ओनोफ्रे म्हणाला.

“मग तिला विचार. नाहीतरी तिला सांगावं लागणारच आहे. कोर्टात अर्ज द्यायचा तर तिच्या परस्पर होणार नाही.”

ओनोफ्रेचा दुसरा एक चुलतभाऊ क्रूझ प्वेब्लोतच राहायचा आणि बर्नाडेटच्या सलूनमध्ये केस कापून घ्यायचा, हे त्यालाच आठवलं. तिनं पुन्हा लग्न केलेलं नाही, हेही क्रूझनं कधीतरी सांगितलं होतं. आठवल्याबरोबर त्याला त्याचा पश्चात्ताप झाला असावा. आज शनिवार, सलूनमध्ये गर्दी असेल, तो म्हणाला. सोमवारी करू. सोमवारी ती निवांत असेल.

एर्लिंडानं नुसता हात पुढं केला. ओनोफ्रेनं त्या हाताकडं पाहिलं, मग खिशातून आपला फोन काढला आणि क्रूझला विचारून सलूनचा नंबर घेतला. तिनं तो आपल्या फोनवर लावला. पलीकडं घंटा वाजायला लागली तेव्हा ओनोफ्रे खुर्चीतून अर्धा उठला आणि पुन्हा बसला.

फोन उचलणाऱ्या बाईच्या मागं केस वाळवायचं यंत्र घोंघावत होतं. बर्नाडेटच बोलत होती. आवाज घोगरा होता, दमलेला, आणि एर्लिंडाला वाटला होता त्यापेक्षा म्हातारा. एर्लिंडानं सगळं सांगितलं. एकत्र भरलेली दोन रिटर्नं, मास्तर काय म्हणतात ते, कोर्टात जावं लागणार ते, आणि नंबर हवा आहे ते. अपेक्षेपेक्षा सांगायला फार कमी वेळ लागला.

“रोज एकाचा फोन येतो तो नंबर मागायला,” बर्नाडेट म्हणाली. “कधी बँकेतून येतो, कधी सरकारातून. नवऱ्याचं निमित्त काढून तुम्हीच पहिल्या.”

“ओनोफ्रे मेएस. तुमच्याबरोबर तीन वर्षं होता.”

“नाव कुणालाही मिळतं. तो आहे का तिथं?”

“शेजारीच बसलाय.”

“मग त्याला तोंड नाही?”

एर्लिंडानं शेजारी पाहिलं. ओनोफ्रे जमिनीकडं बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

“आहे,” ती म्हणाली. “वापरत नाही.”

पलीकडं तिनं कुणाला तरी ‘थांबा जरा’ म्हटलं.

“आणि तुम्ही कोण?” बर्नाडेटनं विचारलं.

मास्तरांनी पेन्सिल कागदावर टेकवून ठेवली होती. तिचा स्वतःचा कागद त्यांच्या कोपराखाली होता, अविवाहित म्हणून खूण केलेला, सहीपुरता उरलेला. आपण कोण आहोत हे आज सकाळपासून पुरतं सिद्ध झालं होतं, कायद्यानं आणि साक्षीदारांसमोर. एर्लिंडाला त्याचा एकदम मनस्वी कंटाळा आला.

“त्याची बायको,” ती म्हणाली. “त्याचे फोन दुसरं कोण करणार?”

ओनोफ्रेनं मान वर केली. पलीकडचं यंत्र बंद झालं. बर्नाडेट जराशी हसली, की तिनं नुसता श्वास सोडला, ते कळलं नाही.

“म्हणजे खरंच तोच आहे,” ती म्हणाली. “घे लिहून.”